मिरवणुकीत नाचताना जी हिम्मत असते ती दुसऱ्या दिवशी कुठं जाते?

गिरकी_सोलापूर (प्रश्न)

नमस्कार मंडळी. बरेच दिवस लिहू का नको करत होतो, आज गल्लीत गणपतीच्या लेझीमची प्रॅक्टिस सुरू झाली आणि राहवलं नाही. मोठं झालं तर सांभाळून घ्या.

मी सोलापूरचा, पूर्व भागातला. घरी तेलुगू बाहेर मराठी, म्हणजे आमच्याकडं सगळ्यांचं असतं तसंच. वडिलांचे माग होते ते विकले, आता थोडं टॉवेलचं जॉबवर्क चालतं आणि मी एका ऑफिसात अकाउंट्स बघतो. वय सव्वीस, लग्नाचं बघणं सुरू झालंय (ते पण यात येतं).

मला नाचायला आवडतं. म्हणजे वरातीत हात वर करून उड्या मारतात ते नाही, नीट नाचायला, गिरकी घेऊन, कमरेत वळून, मानेनं, डोळ्यांनी. ढोलकी वाजली की माझी मान हलायला लागते आणि मला ते नंतर कळतं. शाळेत लेझीमला पहिल्या रांगेत होतो, सर चार आवाज, एक जगह, आदी लगाव, पवित्रा म्हणत शिट्टी मारायचे आणि मला बाजूच्याकडं बघायला लागायचं नाही. मग नववीत गॅदरिंगला एक लावणी केली, साडी वगैरे नाही, साधा कुर्ता आणि ओढणी. टाळ्या लय पडल्या, शिट्ट्यापण पडल्या, आणि दुसऱ्या दिवसापासून शाळेत माझं नाव बदललं. काय पडलं ते लिहीत नाही, अंदाज येईल. वडील काही रागावले नाहीत, फक्त म्हणाले पुरे आता, दहावी आली. तिथनं बंद.

आता होतं असं की वर्षातून एकदा विसर्जनाच्या मिरवणुकीत मी नाचतो. हलगी चढत जाते, गुलाल असतो, कोण कोणाला ओळखत नाही, आणि मग माझ्या अंगात जे आहे ते सगळं बाहेर येतं. आणि गंमत म्हणजे तेव्हा कोणी काही बोलत नाही! उलट पोरं कडं करून मला मधी घेतात, व्हिडिओ काढतात, म्हातारी माणसं सुद्धा थांबून बघतात. पण दुसऱ्या दिवशी ऑफिसला गेलं की मी परत तो जाड आवाज काढून बोलणारा, चहाच्या टपरीवर उभं राहताना कमरेवर हात गेला तर पटकन खाली घेणारा. चालताना स्वतःचे हात कसे हलतात ते बघत चालतो. हे फार दमवतं हो. माणूस एक रात्र स्वतः असतो आणि बाकी वर्षभर स्वतःची राखण करत बसतो.

आता विषय पेटलाय कारण ज्या क्लासला मी घरी "जिम" सांगून जातो (हसू नका) तिथल्या सरांनी विचारलंय की दिवाळीनंतर कार्यक्रम आहे, पुरुषांची लावणी बसवतोय, नऊवारी नेसून, घुंगरू बांधून, थिएटरात, तिकीट लावून. करशील का. मी हो पण म्हणलं नाही आणि नाही पण नाही. घरी काय सांगू, बघायला येणाऱ्या पाहुण्यांच्या कानावर गेलं तर काय. कोणाला असा अनुभव आहे का, की नाचानं तुम्हाला बाकीच्या आयुष्यात पण मोकळं केलं? का ती नुसती गुलालाची नशा असते?


लय_भारी_मालक

काय मालक, एवढा विचार करलालास तू बे! नाच की. आमच्या मंडळात ये, पुढं उभं करतो तुला.

सिरियसली सांगतो. मी लेझीमला आहे लहानपणापासून, हलगीपण वाजवतो थोडी. एक गोष्ट बघितलीय, डीजेपुढं नाचणं वेगळं आणि लेझीम वेगळी. डीजेपुढं सगळे अंधारात, आवाजच एवढा की कोण काय करतंय कोणाला पत्ता नसतो, दारू पिऊन पण चालतंय. लेझीममधी पत्ता लागतोय. एकाचा हात चुकला की अख्खी रांग दिसती. आणि हलगीवाला तुझ्या पायाकडं बघून वाजवतो, तू वाढवला की तो वाढवतो, जाड टिपरू आणि बारीक कामटी दोन्ही कसे चालतात बघ कधी जवळनं. म्हणजे तुला जे वाटतंय ना की गर्दीत कोण बघत नव्हतं म्हणून नाचलो, ते काय खरं नाय. सगळे बघत होते बे. बघून पण मधी घेतले. ह्याचा विचार कर.

गड्ड्याला, म्हणजे सिद्धेश्वराच्या संक्रांतीच्या यात्रेला, बघतोस का, नंदीध्वज पेलणारा गडी? बाराबंदी घालून एवढा उंच नंदीध्वज घेऊन चालतो, हिरेहब्बूंच्या वाड्यापासनं निघून अडुसष्ट लिंगांपर्यंत, तोल जाईल म्हणून चारी बाजूनं लोक लागलेले असतात. तो काय पहिल्याच वर्षी उचलत नाय. आधी सराव करतात, रात्री रस्त्यावर. हिम्मत पण सरावानं येते आमच्या हिशोबानं.

आणि जिमचं सांगून नाचाला जातोस हे लय आवडलं. वजन तर कमी झालं असंल.


तरवडाची_फुलं

बाळा, मी पण पूर्व भागातलीच, बिड्या वळून मुलं शिकवलेली बाई आहे, आता सून फोन चालवायला शिकवते तर हे वाचते. तुझं वाचलं आणि मला आमचं बतुकम्मा आठवलं म्हणून लिहिते.

इतरांसाठी सांगते, भाद्रपदातल्या अमावास्येपासून नऊ दिवस आम्ही तेलुगू बायका फुलांची बतुकम्मा रचतो, तरवड, कुरडू, झेंडू, थरावर थर, वर हळदीची गौरी. ती मधे ठेवायची आणि भोवती गोल धरून टाळ्या वाजवत, वाकत, फिरत गाणी म्हणायची, एकीनं ओळ म्हणायची बाकीच्यांनी उय्यालो म्हणायचं. तुझ्या आईनं केलंच असेल, तू पण लहानपणी फुलं आणायला गेला असशील.

माझे मालक गेले तेव्हा मी चाळिशीच्या आत होते. त्या वर्षी मी दारात उभी राहून बघितलं, पुढच्या वर्षी पण. कोणी नको म्हणलं नव्हतं, पण कोणी ये पण म्हणलं नाही, आणि असल्या बाबतीत न बोलावणं म्हणजे काय ते बाईला कळतं. मग एका वर्षी माझ्याच जावेनं हात धरून आत ओढलं, म्हणाली अक्का, टाळी चुकायलीय आमची, तू धर. मी आत गेले. पाय थरथरत होते. एक फेरी झाली आणि मग मी मोठ्यानं गायले, माझा आवाज चांगला होता पूर्वी. कोणाचं काही वाईट झालं नाही त्या वर्षी! आता आमच्या गल्लीत माझ्यासारख्या तिघीचौघी येतात, बोलवायला लागत नाही.

मला जे कळलं ते एवढंच, गोलात सगळ्यांची तोंडं आत असतात, फुलांकडं. बघणारं कोणी नसतंच, सगळ्या नाचणाऱ्याच. म्हणून तिथं धीर येतो. तुझी मिरवणूक तशीच आहे. पण स्टेजचं तसं नाही बाळा, तिथं समोर खुर्च्या असतात, तिकीट काढलेले लोक असतात. ते दुसरं धाडस आहे. पहिलं जमलं म्हणून दुसरं जमेलच असं नाही आणि नाही जमलं तर पहिलं खोटं होत नाही.

आईला सांग. वडिलांच्या आधी आईला सांग. आणि जिमचं खोटं किती दिवस चालणार आहे, जिमला जाऊन पोरगं घुंगराच्या खुणा घेऊन येतं होय पायावर?


रोखठोक७७

इथं सगळे गोड बोललेत म्हणून मी कडू बोलतो. मी पण सोलापूरचाच, जुळे सोलापूर. मिरवणुकीत नाचणं म्हणजे हिम्मत वगैरे काही नसतं, त्या दिवशी सगळं माफ असतं म्हणून नाचता तुम्ही. रात्री दहानंतर स्पीकरला बंदी आहे, सरकार सणासुदीला बारापर्यंत सूट देतं ती पण वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस, आणि त्या पंधरा दिवसांत आमच्या घरात हार्टचा पेशंट असताना खिडक्यांची तावदानं हलतात, तिथं कोणाला "स्वतः असणं" आठवत नाही.

बाकी भावा, पुरुष नऊवारी नेसून आला की लोक ज्या शिट्ट्या मारतात ते सगळं कौतुक नसतं हे तुला नववीतच कळलंय. तू अकाउंटला आहेस, सोलापूरसारख्या गावात नोकरी मिळणं काय असतं तुला माहीत आहे, निम्मी पोरं पुण्याला गेली. व्हिडिओ एकदा फिरला की फिरला. आणि लग्नाचं बघणं चालू असताना आधी एक गोष्ट स्वतःशी क्लिअर कर, तू नेमका "तसा" आहेस की नाहीस. कोणा मुलीचं आयुष्य मधे यायला नको. वाईट वाटलं तर वाटू दे.


गिरकी_सोलापूर

@रोखठोक वाईट नाही वाटलं, हे प्रश्न मी रात्री स्वतःला विचारतोच. पण एक सांगतो, मी नाचाबद्दल विचारलं होतं आणि तुम्ही थेट तिकडं गेलात. सगळे तिकडंच जातात. मी कसा आहे ते मलाच अजून नीट माहीत नाही, आणि खरं सांगू का, जेव्हापासून चालणं-बोलणं सांभाळायला लागलो तेव्हापासून ते समजून घ्यायला सवडच मिळाली नाही. स्वतःला लपवण्यातच सगळं डोकं जातं. मुलीचा मुद्दा मात्र शंभर टक्के मान्य, म्हणून सध्या घरी म्हणलंय की एक वर्ष थांबा, पगार वाढू दे. स्पीकरचं पण मान्य, आमची हलगी आहे, डीजे नाही.

@तरवडाची_फुलं अक्का, तुमचं ऑफिसात वाचलं, बाथरूमला जावं लागलं. घुंगराच्या खुणांचं कसं ओळखलं तुम्ही???


पुण्यातला_सोलापूरकर

गिरकी, मी सात रस्त्याच्या मागं वाढलो, आता पुण्यात असतो. मी गे आहे, हे इथं लिहितोय कारण इथं माझं नाव नाही, सोलापुरात अजून फक्त बहिणीला माहितीय. तू तसा आहेस असं मी अजिबात म्हणत नाहीये. बायकी नाचणारा पुरुष म्हणजे गे हे समीकरण मला तुझ्याइतकंच वैताग देतं, कारण मला नाचताच येत नाही, माझ्या अंगात ताल म्हणून नाही, आणि त्यामुळं वर्षानुवर्षं कोणाला संशय पण आला नाही :) तू नाचतोस म्हणून तुला बोलणी बसली, मी नाचत नाही म्हणून सुटलो.

पण उत्सवात हिम्मत मिळते का या प्रश्नावर माझ्याकडं सांगण्यासारखं आहे. भारतातला पहिला प्राइड मार्च, म्हणजे आमच्यासारख्यांची मिरवणूक, कोलकात्यात २ जुलै १९९९ ला निघाला, आणि त्यात माणसं किती होती, पंधरा. फक्त पंधरा. पुण्यात तो २०११ पासून निघतो. तेव्हा समलैंगिक संबंधांना गुन्हा ठरवणारं ३७७ कलम होतं, ते सज्ञान माणसांच्या खासगी संबंधांना लागू नाही असं सुप्रीम कोर्टानं म्हणलं ते ६ सप्टेंबर २०१८ ला. मी पहिल्यांदा गेलो ते तोंडावर मुखवटा लावून, असे बरेच असायचे, टीव्हीवर दिसलो तर घरी कळेल म्हणून. म्हणजे बघ, स्वतःला दाखवायला रस्त्यावर आलो आणि तोंड झाकून! पुढं ढोल चालला होता, माझ्या शेजारी एक साडीतला पंचविशीतला पोरगा असा काही नाचत होता की फुटपाथवर भाजीवाली बाई पिशवी खाली ठेवून टाळ्या वाजवायला लागली. मी नाचलो नाही, नुसता चाललो. पण मुखवट्याच्या आत हसत होतो, आणि ते कोणाला दिसत नाहीये याचं मला त्या दिवशी पहिल्यांदा वाईट वाटलं. मुखवटा काढला तो दोन वर्षांनी.

सोमवारी ऑफिसात मी तोच होतो, तुझ्यासारखाच. फरक एवढा की आता मला माहीत होतं की शहरात अजून शेकडो माणसं सोमवारी तोच चेहरा लावून बसलीत. हे माहीत असणं फार मोठं आहे, त्यावर मी बरीच वर्षं काढली. तेव्हा गुलालाची नशा आहे का, तर हो आहे, पण नशेत जी माणसं भेटतात ती दुसऱ्या दिवशी पण असतात. त्यांचे नंबर घे. तुझ्या बाबतीत क्लासमधली पोरं.

रोखठोक यांचं बोलणं टोचतं पण पैशाचा भाग सोडून देऊ नको. घरी काही तापलं तर राहायला एक जागा आणि थोडे पैसे बाजूला हवेत, मग धीर आपोआप दुप्पट होतो. व्हिडिओबद्दल सरांना आधीच विचार, प्रेक्षकांनी शूटिंग करायचं नाही असं ते जाहीर करतील का, तुझं नाव पोस्टरवर टाकायचं का नाही. हे विचारण्यात लाज नाही. आणि मन फारच खाली गेलं तर टेलिमानस म्हणून सरकारी हेल्पलाइन आहे, १४४१६, फुकट, मराठीत बोलतात. ओळख-बिळख याबद्दल बोलावंसं वाटलं तर मुंबईत हमसफर ट्रस्ट आहे, जुनी संस्था. गरज नाही पडली तर उत्तमच.


निळी_पाखरं

मी मुलगी आहे, माझं थोडक्यात. आमच्याकडं भीमजयंतीच्या मिरवणुकीत आम्ही पोरी पहाटेपर्यंत नाचतो, आई पण असते, आज्जी पण पांढरं लुगडं नेसून असते. एरवी मला सातच्या आत घरात म्हणणारा माझा भाऊ त्या दिवशी आमच्याभोवती दोरी धरून उभा असतो. मला पण आधी तुझ्यासारखंच वाटायचं की हे एका दिवसाचंच. मग मी भावाला विचारलं, त्या रात्री मी सेफ असते तर मंगळवारी संध्याकाळी क्लासला का नाही. त्याच्याकडं उत्तर नव्हतं. आता जाते क्लासला. म्हणजे मिरवणुकीचा असा पण उपयोग होतो, घरच्यांना त्यांचीच गोष्ट दाखवता येते. तुझ्या वडिलांनी तुला मिरवणुकीत नाचताना बघितलंय का कधी? बघितलं असेल तर त्यांना ते माहीतच आहे.


वाखरीचा_वारकरी

राम कृष्ण हरी. वरच्या ताईंचा प्रश्न चांगला आहे. मी एवढंच सांगेन, आषाढीला आपल्या जिल्ह्यात पालख्या येतात, बाजीरावाची विहीर, वाखरी, रिंगण होतं, घोडा धावून गेला की मोठमोठे मिशीवाले गडी फुगड्या घालतात, पावली खेळतात, लोळतात, साठीचा माणूस कमरेवर हात ठेवून डुलतो. कोण म्हणत नाही की हा बायकांसारखा करतोय. फुगडी तर बायकांचाच खेळ. तिथं चालतं आणि चौकात चालत नाही याचं कारण मला तरी माणसाच्या नजरेशिवाय दुसरं सापडत नाही. एकदा चालायला या दिंडीत, लाज कुठं पडते ते कळत नाही, शोधायला पण कोणी मागं जात नाही.


ढोलकी_मोडनिंब

मी ढोलकी वाजवतो, धंदाच तो आहे, कलाकेंद्रात पण वाजवलंय आणि पुरुषांच्या लावणीच्या ग्रुपबरोबर पण. तेव्हा तुमच्या कार्यक्रमाबद्दल मी बोललो तर चालेल असं वाटतं. जरा मोठं होईल.

पहिली गोष्ट, बाईच्या वेशातला पुरुष महाराष्ट्राला नवा नाही. बालगंधर्वांच्या साडीची, दागिन्यांची नक्कल घरंदाज बायका करायच्या, सरकारनं १९६४ ला पद्मभूषण दिला. पण दुसरी बाजू पण सांगतो. गणपत पाटील, सिनेमातले. नाच्या इतका हुबेहूब उभा केला की बायकापोरं असलेल्या त्या माणसाला लोकांनी पडद्याबाहेर पण तसंच समजलं, जन्मभर ऐकून घेतलं त्यांनी आणि घरच्यांनी. २००८ ला गेले. तेव्हा कला मोठी असली की लोक गप बसतात असं समजू नको. काही बसतात, काही नाही.

आणि अलीकडचं सांगायचं तर आपल्या शेजारी कर्नाटकात मंजम्मा जोगती, तृतीयपंथी लोककलावंत. आपल्याकडं यल्लम्माचे जोगते येतात ना चौंडकं घेऊन, डोक्यावर जग म्हणजे देवीची टोपली घेऊन नाचतात, ती परंपरा. घरातनं बाहेर काढलेलं माणूस, भीक मागितलेलं, त्या नाचावर उभं राहिलं, कर्नाटक जानपद अकादमीच्या अध्यक्ष झाल्या आणि पद्मश्री मिळाली. राष्ट्रपती भवनात राष्ट्रपतींच्या समोर जाऊन पदरानं त्यांची दृष्ट काढली! नोव्हेंबर २०२१ ची गोष्ट, सगळा हॉल टाळ्या वाजवत होता. मी तो व्हिडिओ कितीदा बघितला असेल. तिथं जाऊन त्यांनी नुसता नमस्कार केला नाही, आपली जी रीत आहे तीच केली. तुझ्या प्रश्नाचं उत्तर मला त्यात दिसतं, पण ते तुझं तू बघ.

आता कामाचं. लावणी ही आमच्या मोडनिंबकडच्या बायकांनी पोटासाठी केलेली आणि पोटापलीकडं नेलेली कला आहे. त्यांना लोकांनी काय काय म्हणलं ते मी फडावर बसून ऐकलंय, तुझं शाळेतलं नाव त्यापुढं काहीच नाही. म्हणून पुरुष लावणीला आला की मी एकच बघतो, हा बाईची टिंगल करतोय का लावणी करतोय. ओठ चावणं, डोळे मारणं, छातीवर हात नेणं, शिट्ट्या त्यालाच पडतात आणि आपली पोरं त्यालाच भुलतात. तसलं बसवत असतील सर तर नको करू. आणि ढोलकीच्या बोलाला पाय उत्तर देतोय, अदा मोजकी आहे, बैठकीची एखादी धरून नुसत्या चेहऱ्यावर अर्थ उभा करायला शिकवतायत, तर डोळे झाकून कर. असल्या नाचाला पहिल्या दोन मिनिटांत शिट्ट्या पडतात, मग त्या बंद होतात. बंद झाल्या की समज बसलं. मी ढोलकीवरून ते ऐकतो, प्रेक्षक गप होतो तो क्षण वाजवणाऱ्याला आधी कळतो.

घुंगरू एकदम जास्त बांधू नको, घोट्याला सूज येते, थोड्यानं सुरू करून वाढव, खाली कापडाची पट्टी बांध (म्हणजे अक्कांना खुणा दिसणार नाहीत). आणि नऊवारी शिवलेली घेऊ नको. झटपट चढते पण बसायला उठायला खोटी वाटते. नेसायला शिक, आपली आपण.


गिरकी_सोलापूर

सगळ्यांना एकदम उत्तर देतोय, रात्री एक वाजलाय.

@निळी_पाखरं तुझा प्रश्न डोक्यात राहिला म्हणून आज जेवताना आईला विचारलं, मी मिरवणुकीत नाचतो ते अप्पांनी बघितलंय का. आई म्हणाली, दरवर्षी बघतात की. कोपऱ्यावरच्या दुकानाच्या पायरीवर उभं राहून. मला माहीतच नव्हतं. मला वाटायचं ते झोपलेले असतात. मग म्हणाली, आणि तुझी जिम कुठली ते पण माहीत आहे त्यांना, सरांचा क्लास ज्या बिल्डिंगमधे आहे तिथं खाली त्यांच्या मित्राचं सुताचं दुकान आहे. काय बोलणार! इतके दिवस मी घाम पुसत, टॉवेल गळ्यात टाकून घरी यायचो, ॲक्टिंग म्हणून.

ते काही बोलले नाहीत, बोलणार पण नाहीत बहुतेक. हे चांगलं का वाईट मला कळत नाही. माहीत असून गप बसणं आणि मान्य असणं एक नाही, एवढं मला कळतं, आणि स्टेजवर नऊवारी म्हणजे पायरीवर उभं राहून बघण्याइतकं सोपं त्यांना पण जाणार नाही. आईला कार्यक्रमाचं सांगितलं. तिनं आधी विचारलं तिकीट का लावलंय, मग विचारलं साडी कोण देणार. रडली नाही, ओरडली नाही. पाहुण्यांचं म्हणाली, बघू.

@ढोलकी सरांना उद्या विचारतो कुठली लावणी बसवतायत. एक बैठकीची आहे असं ऐकलंय. नेसायचं शिकण्याचं म्हणाल तर आमच्याकडं आई पाचवारीच नेसते, नऊवारी कोणाला येत नाही. यूट्यूबवर बघून जमेल का?

@पुण्यातला दादा, पोस्टर आणि शूटिंगचं डोक्यातच आलं नव्हतं, लिहून घेतलंय. तुम्ही गणपतीला सोलापुरात येता का?


ढोलकी_मोडनिंब

यूट्यूबवर कासोटा दिसत नाही नीट, सगळे पुढनं शूट करतात. सरांच्या ग्रुपमधे कोणीतरी जुना असेलच, त्याच्याकडनं शिक. निऱ्या आधी, मग कासोटा, आणि नेसून घरात झाडू मार, पाणी भर, जिना चढ. सुटली नाही तर स्टेजवर सुटणार नाही.


पुण्यातला_सोलापूरकर

येतो, विसर्जनाला. नाचणार नाही हे आत्ताच सांगतो. लांबून बघेन, ओळख दे.


तरवडाची_फुलं

नऊवारी मला येते रे. शेजारच्या मराठी बाईनं शिकवली होती, तिच्या मुलीच्या लग्नात सगळ्यांना मीच नेसवली. बतुकम्मा आटोपलं की रविवारी ये, आईला घेऊन ये, येताना साडी आण. सुती आण, सिल्क सरकतं.


लय_भारी_मालक

ते सगळं ठीक आहे पण आधी गणपती. प्रॅक्टिस रोज साडेआठला आहे, तुमच्या गल्लीतली नाय जमली तर आमच्याकडं ये, लेझीम आमची वापर. आणि कार्यक्रमाचं तिकीट कितीला बे? मंडळाची पंधरा-वीस पोरं आणतो, शिट्टी मारायची नाय म्हणून दम देऊन आणतो. रोखठोक काका, तुम्हाला पण एक काढून ठेवू का?


रोखठोक७७

स्पीकरचा आवाज कमी असेल तर काढ.